टिकता भात

बोरझरीच्या अंगणवाडीत साडेअकराची घंटा झाली, तेव्हा डॉ. मंजूषा लंजे दारात चपला काढत होती. आता पोरांचा लोंढा अंगावर येईल म्हणून ती सवयीने भिंतीकडे सरकली. लोंढा आला नाही.

आत तेवीस लेकरं होती. मणी ओवणारी एक मुलगी मणी ओवतच राहिली. दोघं जण फरशीवर खडूने रेघा मारत होते, त्यांनी मानही वर केली नाही. अंगणवाडीची सेविका सुकेशिनी रामटेके प्रत्येकाजवळ जाऊन, दंडाला धरून, समजावून त्यांना पंगतीत बसवत होती. स्वयंपाकीण शेवंताबाई उईके यांनी ताटात भात, लाखोरीची डाळ आणि अर्धं अंडं वाढलं. लेकरं शहाण्यासारखी जेवली. चार-पाच घास झाले की हात थांबायचा. रडारड नाही, हट्ट नाही. ताटं निम्मी भरलेली उठली.

"रोज असंच?" मंजूषाने विचारलं.

"दोन साल झाले," शेवंताबाई म्हणाल्या. "आधी भाताचा गंज बुडापासून खरडून वाढावं लागे. आता गंजातला भात कोंबड्यायले जाते."

मंजूषा खरं तर आनंदाने आली होती. जिथं पिकतं तिथंच वाटायचं म्हणून चार जिल्ह्यांत पुढच्या खरिपापासून 'तृप्ती' हा एकच तांदूळ रेशनला आणि शाळांना द्यायचा, असं योजना समितीने ठरवत आणलं होतं. त्याआधी काही गावांत तो देऊन पाहिला होता, बोरझरीत सगळ्यात आधी, दोन वर्षं. दुकानात तोच, शाळेत तोच, अंगणवाडीतही तोच. गावात त्याला कुणी तृप्ती म्हणत नसे, 'टिकता भात' म्हणत, कारण सकाळी खाल्ला की संध्याकाळपर्यंत पोट मागत नसे. आता शेवटच्या अहवालावर मंजूषाची सही व्हायची होती. हे वाण तिने घडवलं होतं.

सुकेशिनीने तिच्यापुढे समितीचं पत्रक ठेवलं. सहावा प्रश्न होता, 'गेल्या महिन्यात बालकाने भुकेची तक्रार केली का?' तेवीस नावांपुढे तेवीस वेळा 'नाही' लिहिलेलं होतं.

"पत्रकात खोटं काहीच नाही, मॅडम," सुकेशिनी म्हणाली. तिशीतली, नीटनेटकी बाई होती ती. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "पण माझ्याकडे दुसरं एक रजिस्टर आहे. ते तुमच्या पत्रकात कुठे बसत नाही."

रजिस्टरच्या प्रत्येक पानावर एका लेकराची वाढीची रेघ होती. वजनाची एक, उंचीची एक. लेकरू वाढतं तशी ती रेघ उजवीकडे वर चढत जाते. मंजूषा पानं उलटत गेली. पहिल्या वर्षी रेघा चढत होत्या. मग हळूहळू त्या आडव्या पडत गेल्या, एखादं माणूस टेकावं तशा. घसरल्या नव्हत्या, फक्त चढायच्या थांबल्या होत्या. सुहानी कुमरे, वय चार वर्षं. वर्षापूर्वी बारा किलो शंभर ग्रॅम, आज बारा किलो चारशे. उंची वर्षभरात जेमतेम दोन सेंटिमीटर वाढलेली.

"तेविसांपैकी सतरा जण असे आहेत," सुकेशिनी म्हणाली. "मी दोनदा लिहिलं. उत्तर आलं की धान्य पुरेसं आहे, भुकेची तक्रार नाही, सबब काळजीचं कारण नाही."

मंजूषाने रजिस्टर मिटलं आणि पुन्हा उघडलं. तिला बसवेना. ती खिडकीपाशी गेली, परत आली. बाहेर कापणी संपलेल्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांमध्ये, धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले दिसत होते. त्यातला प्रत्येक पुंजणा तिच्या वाणाचा होता.

तांदळात पिष्ट दोन तऱ्हेचं असतं. एक फांद्याफांद्यांचं, ते आतड्यात भराभर तुटतं आणि त्याची साखर होते. दुसरं सरळ साखळीचं, घट्ट विणलेलं. ते लवकर पचत नाही. न पचता मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून जी आम्लं सुटतात त्यांच्यामुळे आतड्याची भिंत मेंदूला निरोप धाडते, पुरे झालं. मधुमेह्यांसाठी हे दुसरं पिष्ट चांगलं, हे जुनंच ज्ञान होतं. मंजूषाने एवढंच केलं की तिच्या धान संशोधन केंद्राच्या बीजघरातल्या नऊशे जुन्या वाणांच्या जनुकांमध्ये ती त्याचा शोध घेत बसली. वाणावाणांतला फरक कधीकधी एका अक्षराचा असतो. लाल टरफलाच्या एका बिननावाच्या धानात तिला तसं एक अक्षर सापडलं. त्या धानात सरळ पिष्ट दुप्पट होतं आणि तो निरोपही कितीतरी जास्त वेळ टिकत होता. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी डोंगरातल्या पाड्यावरून ते बी आणलं होतं आणि नोंदवहीत फक्त एक ओळ लिहिली होती, 'नांगरणीच्या दिवसांत खातात, दिवसभर भूक लागत नाही.'

त्या लाल धानाचा जास्त उतारा देणाऱ्या वाणाशी संकर केल्यावर चार हजार दोनशे रोपं उगवली. पूर्वीच्या काळी ती सगळी बांधीत लावून चार महिने वाट पाहावी लागली असती. आता तसं नव्हतं. प्रत्येक रोपाच्या पानातून टिकलीएवढा तुकडा कापायचा आणि 'पारखी'त घालायचा. पारखी हे यंत्र पानाचा तुकडा वाचून त्या रोपाचं सगळं पुढचं आयुष्य सांगे. उतारा किती, करपा पडेल का, वाऱ्यात लोळेल का, भात मऊ होईल का. मग संशोधकाने प्रत्येक गुणाला भार द्यायचा, म्हणजे कोणता गुण आपल्याला किती हवा ते सांगायचं, आणि पारखी सगळ्यांची बेरीज करून क्रम लावे. पहिली चाळीस रोपं बांधीत जात. बाकीच्या चार हजारांना माती पाहायला मिळत नसे.

भूक किती वेळ लागत नाही, या गुणाला पारखीने आपण होऊन शंभरातला पाच भार सुचवला होता. मंजूषाने तो वीस केला. तिला चांगलं आठवत होतं. दुपार होती, शेजारी चहा होता आणि ती मनाशी म्हणाली होती, भूक जितकी लांब जाईल तितकं बरं.

"शेवंताबाई," खिडकीपाशी उभ्याउभ्याच ती म्हणाली, "लाल टरफलाचा एक धान होता पूर्वी, तुमच्याकडच्या पाड्यांवर. नांगरणीच्या दिवसांत खायचे तो."

शेवंताबाई भांडी घासता घासता थांबल्या. "हो नं. माह्या आजीच्या बांधीत होता. दोनच काकऱ्या पेरत. नांगराच्या मानसायले सकारी त्याची पेज देत."

"आणि लेकरांना?"

"लेकरायले नाई देत."

"काहून?"

शेवंताबाईंनी या बाईला एवढंही माहीत नसावं अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं. "लेकरानं दिसभर मागितलं पायजे बाई. मागते म्हनून तं वाढते."

नोंदवहीतल्या ओळीत हे नव्हतं. ज्याने बी आणलं त्याने विचारलं नसेल, किंवा विचारलं असेल आणि रकान्यात जागा उरली नसेल.

सुहानीचं घर अंगणवाडीमागेच होतं. तिची आई पौर्णिमा कुमरे अंगणात सुपाने धान पाखडत होती. नवरा बांधकामावर परराज्यात, घरात ती, सुहानी आणि सात वर्षांचा मोठा मुलगा. मंजूषाने ओळख सांगितली. पौर्णिमाने हात पुसले, खाट पुढे ओढली.

"हा तांदूर तुमीच बनवला का बाई?"

"हो."

"मंग लय चांगलं केलं." ती खालीच बसली. "पयले मी रोवनीवरून येवो सांजच्याले, तं हे दोघं चुलीपाशी बसले राहत. मागत नसत काही. नुसते बसत. मी चूल पेटवेपर्यंत मले त्यायच्याकडं पाहवत नोहतं. आता येतो तं खेलत असतात. मले वाटते का, देवानं माह्यावरची एक गोष्ट उचलून घेतली."

सुहानी आईच्या पाठीला टेकून उभी होती. केस विरळ, डोळे मोठे. मंजूषाने पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढून तिच्यापुढे धरला. सुहानीने तो घेतला, त्यावरचं चित्र पाहिलं आणि न फोडता खाटेवर ठेवून दिला.

"हिची उंची वाढत नाहीये," मंजूषा म्हणाली. "भातामुळे असू शकतं. हा भात बंद करावा लागेल कदाचित."

पौर्णिमाचा चेहरा एकदम बंद झाला. "नोका करू," ती म्हणाली. "बारीक लेकरू आहे, वाढंल. तुमी भात बंद नोका करू बाई."

संध्याकाळी सात वाजता मंजूषा घरी पोचली तेव्हा तिचे वडील जेवायला बसत होते. बाबूजी एक्याऐंशी वर्षांचे, निवृत्त शिक्षक. तृप्ती सगळ्यात आधी खाल्ली ती त्यांनी. तीन वर्षांत त्यांची साखर इतकी ताळ्यावर आली होती की डॉक्टरांनी गोळ्या निम्म्या केल्या होत्या. मंजूषा प्रत्येक भाषणात त्यांचं उदाहरण देई. अठ्ठ्याहत्तरवरून ते एकसष्ट किलोवर आले होते, आणि हेही ती कौतुकानेच सांगे.

बाबूजींच्या मोबाइलची घंटी वाजली. त्यांनी ती बंद केली आणि ताट पुढे ओढलं.

"ही कसली घंटी?"

"जेवणाची. साडेबाराला एक आणि सातला एक. नाहीतर राहून जातं."

मंजूषा त्यांच्यासमोर बसली. "बाबूजी, तुम्हाला शेवटची भूक कधी लागली होती?"

ते हसले. मग त्यांना हसू आवरावं लागलं, कारण उत्तर आठवेना. त्यांनी भातावरून बोट फिरवलं. "चव लागते बरं का. आज अंबाडीची भाजी छान झालीय. पण वाट पाहणं नाही राहिलं. पूर्वी शाळेत शेवटच्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता मला तुझ्या आईच्या वरणाचा वास यायचा. शाळा दोन कोस लांब, वास कुठला येतोय. पण यायचा." मग ते म्हणाले, "काय झालं? तू का विचारतेस?"

ती उठली. पाण्याचा तांब्या उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. आपल्याच घरात, आपल्याच ताटासमोर हे बसलेलं होतं आणि आपण ते तीन वर्षं गुणांच्या रकान्यात लिहीत होतो. म्हाताऱ्या माणसाला ते पेलवलं, नव्हे, त्याचं भलंच झालं. साखरही खरी होती आणि सुहानीची रेघही. एकाच दाण्याने दोन्ही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पारखी उघडली. चार हजार दोनशे रोपांचं वाचन अजून साठवलेलं होतं. तिने भुकेचा भार विसावरून पाचावर आणला. यंत्राला अकरा सेकंद लागली. तृप्ती, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशी नंबरच्या रोपाची ओळ, एकोणतिसाव्या क्रमांकावर घसरली आणि बांधीत गेलेल्या चाळिसांतलीच तीनशे अकरा नंबरची ओळ वर आली. साखरेसाठी जवळजवळ तेवढीच चांगली, उतारा थोडा कमी, पण भूक चार तासांत परत आणणारी. ती बीजघरात गेली. शीतपेटीत तीनशे अकराचं एकच पाकीट उरलं होतं, दोनशे ग्रॅमचं. एका पाकिटातून चार जिल्ह्यांना पुरेल एवढं बी व्हायला तीन हंगाम लागले असते.

पाकीट हातात घेऊनच ती केंद्रप्रमुखांच्या खोलीत शिरली. डॉ. नंदकिशोर बिसेन तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते. तिला बोट धरून धानाचं परागण त्यांनीच शिकवलं होतं.

"आधी बस," ते म्हणाले.

ती बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. रजिस्टर, बिस्किटाचा पुडा, लाल धान.

"मुलांवर चाचणी झाली होती," बिसेन म्हणाले.

"बारा आठवड्यांची. दवाखान्यात, सर. नर्स समोर बसून ताट संपवायला लावत होत्या. मुलांचं वजन कसं कमी होईल? घरी कोण समोर बसतं? लेकरू मागतं तेव्हा आई वाढते. इथे लेकरू मागतच नाही."

 बिसेन यांनी टेबलावरचा एक कागद तिच्याकडे सरकवला. "हे काल आलं. वाच."

समितीचा आदेश होता. बोरझरीत तांदळाची उचल सातत्याने कमी आढळल्याने दरडोई पाच किलोऐवजी साडेतीन किलो देण्यात येत आहे. तृप्ती जिथे जिथे जाईल तिथे हेच प्रमाण लागू राहील.

"कुणी वाईट हेतूने नाही केलं हे," बिसेन म्हणाले. "तांदूळ उरत होता, म्हणून कमी केला. पण आता विचार कर. तू उद्या तृप्ती बंद केलीस तर लोकांना भूक परत मिळेल, आणि तांदूळ मात्र साडेतीनच किलो. तुझ्या त्या सुहानीच्या आईने तुला काय सांगितलं ते विसरू नकोस."

मंजूषाने कागद पुन्हा वाचला. पाकिटातले दाणे तिच्या मुठीत चुरचुरत होते.

"सर, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मला माहीत नाही," बिसेन म्हणाले. "खरंच माहीत नाही. पण त्या अहवालावर तुझी सही लागणार आहे, माझी नाही. याचं मला आत्ता बरं वाटतंय, आणि त्याची लाजही वाटतेय."

तिने सही केली नाही. दोनशे ग्रॅम बी त्याच दुपारी भिजत घातलं. मग पंधरा दिवस ती आणि सुकेशिनी गावोगाव फिरून जिथे जिथे तृप्तीचं वाटप सुरू झालं होतं तिथली वाढीची रजिस्टरं गोळा करत राहिल्या. नऊ गावं झाली. जिथे दोन महिनेच झाले होते तिथे रेघा अजून चढत होत्या. जिथे वर्ष झालं होतं तिथे त्या टेकू लागल्या होत्या. तिला धड झोप लागत नव्हती आणि जेवताना ती प्रत्येक घासाला स्वतःला विचारी, आपल्याला भूक लागली आहे की वेळ झाली आहे म्हणून आपण जेवतोय?

डिसेंबरात समितीची बैठक झाली. लांब टेबल, पाच माणसं, भिंतीवर तृप्तीच्या ओंबीचं मोठं चित्र. मंजूषाने नऊ गावांच्या रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या. अध्यक्षा शांत, हुशार बाई होत्या. त्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे ही बालकं उपाशी आहेत, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

"पण एकानेही तक्रार केलेली नाही."

"ती उपाशी आहेत, मॅडम. त्यांना ते कळत नाही एवढंच. कळायची जी सोय शरीरात असते ती मी लांबवली. मी स्वतः. यंत्राने पाच भार सुचवला होता, मी वीस दिला."

टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका सभासदाने विचारलं, "का दिलात?"

या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. "मला वाटलं भूक हे दुखणं आहे," ती म्हणाली.

 अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं.

निर्णय त्याच दिवशी झाला. बारा वर्षांखालच्या मुलांना तृप्ती देऊ नये, त्यांच्यासाठी साधा तांदूळ वेगळ्या पिशवीतून द्यावा. मोठ्यांना तृप्ती चालू राहील. तीनशे अकराचं बी वाढवण्यास मंजुरी. मंजूषाला क्षणभर हलकं वाटलं. मग तिने प्रमाणाचं विचारलं. मुलांच्या पिशवीत साडेतीन किलो का? ती पुन्हा जेवू लागली की हे पुरणार नाही.

"प्रमाण उचलीवरून ठरतं," अध्यक्षा म्हणाल्या. "मागणी आली की वाढवू. गावातून अर्ज येऊ द्या. तुम्हीच सांगा, आजवर एका तरी गावातून अर्ज आलाय?"

फेब्रुवारीत मंजूषा बोरझरीला गेली तेव्हा साधा तांदूळ सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. आधी पंधरा दिवस काही फरक दिसला नाही, सुकेशिनीने फोनवर सांगितलं होतं. मग एकेक लेकरू जागं होत गेलं. एकाने ताट चाटलं. एकाने शेजारच्याच्या ताटात हात घातला म्हणून मारामारी झाली. सुकेशिनी हे सांगताना हसत होती. सुहानीचं वजन तीनशे ग्रॅमनी वाढलं होतं. रजिस्टरमध्ये तिच्या रेघेने बारीकशी मान वर काढली होती.

दोघी दुपारी तीनच्या सुमारास पौर्णिमाकडे गेल्या. अंगणात शिरायच्या आधीच रडणं ऐकू आलं. सुहानी उंबऱ्यात बसून, पाय आपटत, मोकळ्या गळ्याने रडत होती. मंजूषाने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. चेहरा लाल, नाक वाहतंय, हातात रिकामी वाटी.

पौर्णिमा आत चुलीपाशी उभी होती. तिने या वेळी खाट पुढे ओढली नाही.

"सकारी जेवली. अंगनवाडीत जेवली. आता आनखी मांगते," ती म्हणाली. "लेकरायचा तांदूर अठरा दिवसात सरला. माह्या बहिनीच्या गावून आनला थोडा, तोही सरला."

"मग आता?"

पौर्णिमाने कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवलं. त्यात मोठ्यांच्या वाट्याची तृप्ती होती, अर्ध्याहून जास्त. "तो हाये. तो दिला का गप बसंल. दिसभर गप बसंल." ती थोडा वेळ पिंपाकडे पाहत राहिली. "तीन दिस झाले, मी त्याचं झाकन काढतो अना परत लावतो."

 मंजूषाने पिशवीतला डबा काढला. केंद्रातून निघताना घेतलेल्या पोळ्या होत्या, गूळ होता. सुहानीने तो डबा हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि तिथेच उंबऱ्यात बसून खाऊ लागली. रडण्याचे हुंदके आणि घास एकाच वेळी येत होते. तिघी बायका उभ्या राहून तिला खाताना पाहत होत्या.

"अर्ज करू," मंजूषा म्हणाली. "प्रमाण वाढवायचा. आत्ता, इथेच बसून. समितीच्या अध्यक्षा म्हणाल्यात, मागणी आली की वाढवतील."

सुकेशिनीने रजिस्टरमधून कोरा कागद काढला आणि ओट्यावर बसून लिहायला घेतलं. गावाचं नाव, तारीख, मुलांची संख्या. मग ती थांबली. "मागणीचं कारण काय लिहू?"

"लिवा का, आमच्या लेकरायले भूक लागते," पौर्णिमा म्हणाली.

सुकेशिनीने लिहिलं. पौर्णिमाने सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडून. मग शेजारच्या दोघी आल्या, त्यांनीही केली. अंगणवाडीतून शेवंताबाई आल्या, त्यांनी अंगठा दिला. मंजूषाला वाटलं, निदान एक गाव तरी बोललं. बाकीची बोलतील. ती बोलूनही दाखवत होती, की अशीच आणखी वीस गावं झाली, पन्नास झाली, तर समितीला ऐकावंच लागेल.

पौर्णिमा ऐकत होती. रोवणीला, लग्नाकार्याला ती आसपासच्या सगळ्या गावांतून फिरलेली. पोरांचा तांदूळ वेगळा झाला तरी मोठी माणसं सगळीकडे टिकता भातच खात होती, आणि अर्ज करायचा तो मोठ्यांनीच. तिने सुहानीच्या तोंडाला लागलेला गूळ पदराने पुसला.

"बाई," ती म्हणाली, "आमाले तं हिनं रडून सांगितलं. पन पुढं तुमचा हा भात साऱ्यायच्याच घरी जाईन. मायचं पोट भरलेलं, बापाचं भरलेलं. त्यायचा वाटा आनखी कमी केला तरी कोनाले समजाचं नाई. ज्यायले भूकच लागत नाई, ते मांगतील कसे?"